माणूस शिकारी की शिकार? हाडांनी दिलेली साक्ष

कुठे दंगल झाली, कुठे खून पडला, की एक वाक्य हमखास कानावर येते : "माणूस मुळातच हिंस्र आहे हो, ते त्याच्या रक्तातच आहे." चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात, कचेरीतल्या जेवणाच्या सुटीत हे वाक्य कोणीतरी उच्चारतो आणि बाकीचे माना डोलावतात. शिकलेली माणसेही डोलावतात. पण कशावरून? रक्तात आहे हे पाहिले कोणी?

विसाव्या शतकात या वाक्याला विज्ञानाचा आधार आहे, असे काही काळ खरोखरच मानले गेले होते. तो आधार होता प्राण्यांच्या जुन्या हाडांचा. आणि पुढे तो आधार खोटा ठरला, तोही हाडांमुळेच! लाखो वर्षांपूर्वी माणसाचे पूर्वज काय खात होते, कोणत्या रानात राहत होते आणि त्यांना कोण खात होते, हे हाडांवरून शोधणारी एक विद्याशाखा आहे. त्या शाखेतली ही हकिकत घरातल्या थोरामोठ्यांनी वाचावी आणि मुलांना सांगावी अशी आहे.

डार्ट यांचा सिद्धांत

रेमंड डार्ट हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे ते शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. 1924 साली टाँग येथील चुनखडीच्या खाणीतून निघालेली एका बालकाची कवटी त्यांच्या हाती आली. ते माकडाचे पिलू नव्हे, तर वानर आणि माणूस यांच्या मधल्या वाटेवरचा जीव आहे, असे डार्ट यांनी 1925 मध्ये जाहीर केले. त्या वेळी मोठमोठ्या पंडितांनी त्यांना वेड्यात काढले. पुढे डार्टच बरोबर ठरले. सांगायचे तात्पर्य, माणूस साधासुधा नव्हता.

नंतर डार्ट यांनी त्याच देशातील मकापान्सगाट या दुसऱ्या चुनखडीच्या खाणीकडे लक्ष वळवले. तिथे सुमारे तीस लाख वर्षांपूर्वीची हाडे दगडासारखी घट्ट होऊन बसली होती. सात हजारांवर तुकडे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दगडातून सोडवून मोजले. बहुतेक हाडे हरणांच्या जातीच्या प्राण्यांची होती. पण मोजणी विचित्र निघाली. पुढच्या पायाच्या दंडाच्या हाडाची कोपराकडची टोके भरपूर आणि खांद्याकडची टोके अगदी थोडी. प्रमाण जवळजवळ दहास एक! जबडे पुष्कळ, पण शेपटीचे मणके जवळपास नाहीतच.

डार्ट म्हणाले, हा योगायोग नव्हे. आपल्या त्या पूर्वजांनी हाडे निवडून गुहेत आणली. दंडाचे हाड म्हणजे सोटा, जबडा म्हणजे करवत, शिंग म्हणजे खंजीर. शेपट्या बहुधा चाबकासारख्या वापरायला बाहेर नेल्या असाव्यात. शेजारी सापडलेल्या बबून माकडांच्या फुटक्या कवट्या त्यांना सोट्याच्या घावांनी फुटल्यासारख्या दिसल्या. 1953 साली त्यांनी लेख लिहून मांडले, की वानराचा माणूस झाला तो हत्यार उचलून मारायला शिकल्यामुळे. आपला पूर्वज हा जन्मजात खुनी होता!

रॉबर्ट आर्ड्री नावाच्या अमेरिकन नाटककाराने 1961 मध्ये यावर पुस्तक लिहिले. ते प्रचंड खपले. 1968 साली स्टॅन्ली कुब्रिक यांचा अंतराळप्रवासावरचा एक गाजलेला इंग्रजी चित्रपट आला. त्याच्या सुरुवातीला एक वानर हाड उचलून दुसऱ्याला ठार मारते. अशा रीतीने प्रयोगशाळेतला एक तर्क जगाच्या मनात 'सत्य' म्हणून जाऊन बसला.

जे नाही, त्याचाही हिशोब

बॉब ब्रेन (पूर्ण नाव चार्ल्स किंबर्लिन ब्रेन) हे प्रिटोरियाच्या ट्रान्सवाल म्युझियममधील शास्त्रज्ञ. त्यांनी डार्ट यांच्यावर टीका केली नाही, भाषण ठोकले नाही. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : ही हाडे गुहेत आणली कोणी, हे आपण तपासले आहे का?

मी कारकुनी करणारा माणूस. कोठारातील माल मोजताना जेवढा समोर आहे तेवढाच वहीत लिहून भागत नाही, हे मला रोजच्या कामाने शिकवले आहे. आला किती, गेला किती, आणि जो कमी भरतो तो कुठे गेला, याचा खुलासा करावा लागतो. उंदराने पोती कुरतडली असतील तर चोराच्या नावावर मांडता येत नाही. ब्रेन यांनी नेमका असाच हिशोब मांडला.

त्यासाठी ते 1960 च्या दशकात आजच्या नामिबियात गेले. तिथे वाळवंटातून कुइसेब नावाची कोरडी नदी जाते. तिच्या काठाने नामा समाजातील टोपनार लोकांच्या छोट्या छोट्या वस्त्या आहेत. हे गरीब लोक, त्यांचे धन म्हणजे शेळ्या. शेळी कापली की तिचे काहीही वाया जात नाही. मांस शिजवून खातात, मग हाड दगडाने फोडून नळीतली चरबी काढून खातात. उरलेले हाड कुत्र्यांपुढे पडते. कुत्र्यांनी सोडलेले तुकडे वस्तीभोवती उन्हात पांढरे होत पडतात. आपल्यातल्या जुन्या पिढीला यातले काही वेगळे समजावून सांगायला नको. नळी फोडून चोखायची कला आपल्या आज्यांनाही अवगत होती.

ब्रेन यांनी या वस्त्यांभोवतीची दोन हजारांहून अधिक हाडे गोळा केली आणि एकेक मोजली. निकाल काय आला? दंडाच्या हाडाची कोपराकडची टोके भरपूर, खांद्याकडची जवळपास नाहीत. जबडे पुष्कळ, शेपटीचे मणके नाहीत. म्हणजे मकापान्सगाटचीच मोजणी! इथे तर कोणी सोटे निवडले नव्हते, कोणी शेपटीचे चाबूक केले नव्हते.

कारण हाडाच्या घडणीतच होते. शेळीच्या दंडाच्या हाडाचे कोपराकडचे टोक लहान वयातच पक्के होते आणि ते घट्ट असते. खांद्याकडचे टोक उशिरा जुळून येते, आतून ते स्पंजासारखे भुसभुशीत असते आणि त्यात चरबी असते. कुत्रा आधी तेच चावून खातो. शेपटीचे मणके तर तो एका घासात फस्त करतो. जे कठीण ते उरते, जे मऊ ते जाते. ब्रेन यांनी हाडांची घनता मोजून हे दाखवून दिले. मकापान्सगाटला कुत्री नव्हती, पण हाडे फोडून खाणारी तरस होती. गुहेतील हाडांचा तो ढीग मुख्यतः तरसांनी जमवला, असे आता अभ्यासक मानतात. पूर्वजांचे शस्त्रागार म्हणून जे जगाला दाखवले गेले, ते तरसांच्या जेवणाचे उष्टे होते!

एवढा मोठा सिद्धांत कोसळला तो वाळवंटातल्या गरीब वस्त्यांच्या उकिरड्यावरील हाडांनी, ही गोष्ट वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. ज्ञान फक्त राजवाड्यात आणि ग्रंथालयात सापडते असे नाही. शोधणाऱ्याची नजर असेल तर ते वस्तीच्या कडेलाही सापडते.

बिबट्याचे सुळे

ब्रेन इथेच थांबले नाहीत. जोहान्सबर्गजवळच्या स्वार्टक्रान्स या गुहेत त्यांनी 1965 पासून सुमारे वीस वर्षे खोदकाम केले. या गुहेत सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीपासूनचे थर आहेत. त्यात हजारो प्राण्यांबरोबर पॅरान्थ्रोपस नावाच्या मानवसदृश जीवांची हाडे मिळाली. हे आपले थेट पूर्वज नव्हेत. आपल्याच वंशवृक्षाची ती एक वेगळी फांदी, म्हणजे चुलत घराणे म्हणा, पुढे ते नामशेष झाले.

तिथे पूर्वी सापडलेल्या एका लहान मुलाच्या कवटीच्या तुकड्यावर मागच्या बाजूला दोन गोल भोके होती. जुन्या समजुतीप्रमाणे हा टोकदार हत्याराचा घाव. ब्रेन यांनी त्याच गुहेतून निघालेला बिबट्याचा जबडा घेतला आणि त्याचे खालचे दोन सुळे त्या भोकांवर ठेवून पाहिले. सुळे बरोबर बसले! दोन भोकांमधले अंतर सुमारे 33 मिलिमीटर होते आणि तेच अंतर सुळ्यांचे. बिबट्याने त्या मुलाला डोक्याला धरून ओढत नेले असणार.

पण इतकी हाडे गुहेतच का जमली? त्याचेही उत्तर त्यांनी आजच्या निसर्गात शोधले. त्या उघड्या माळावर झाडे फारशी नाहीत. जी आहेत ती गुहेच्या तोंडाशी, कारण तिथे ओलावा आणि आडोसा असतो. बिबट्या आपली शिकार तरसापासून वाचवण्यासाठी झाडावर नेऊन खातो. खाता खाता जे खाली पडते, ते थेट गुहेच्या पोटात. बिबट्या आणि चित्ता यांना बबूनची कलेवरे खायला घालून मागे काय उरते हेही ब्रेन यांनी पाहिले. माकडाचा पाठीचा कणा, हात आणि पाय हे भाग प्राणी सहज चावून खातात, पण कवटी मागे राहते. गुहेत कवट्यांचेच तुकडे जास्त का, याचा उलगडा असा झाला.

हा सारा अभ्यास 1981 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच प्रश्न आहे : शिकार करणारे, की शिकार झालेले? ब्रेन यांचे उत्तर स्पष्ट होते. स्वार्टक्रान्सच्या जुन्या थरांत हे जीव बहुतांशी शिकार झालेले आहेत.

डार्ट यांच्या त्या पहिल्या टाँग बालकाचीही कथा अशीच निघाली. ली बर्गर आणि रॉन क्लार्क यांनी 1995 मध्ये सुचवले, की त्या बालकाला मोठ्या गरुडाने उचलले असावे. पश्चिम आफ्रिकेत गरुडांच्या घरट्याखाली पडलेल्या माकडांच्या कवट्यांचा अभ्यास झाला. त्यांच्या डोळ्यांच्या खोबणीत नखांचे आणि चोचीचे जे ओरखडे होते, तसेच या बालकाच्या खोबणीत असल्याचे बर्गर यांनी 2006 मध्ये दाखवले. ज्याला खुन्यांच्या कुळातला म्हटले, तो बिचारा तीन-चार वर्षांचा जीव गरुडाच्या तोंडी गेला होता.

मग ते खात काय होते?

आपले पूर्वज शिकार झाले म्हणजे त्यांनी मांस खाल्लेच नाही, असा अर्थ कोणी काढू नये. तेही हाडेच सांगतात.

टांझानियातील ओल्डुवाय दरीत मेरी लीकी यांना 1959 मध्ये एक जागा सापडली. सुमारे अठरा लाख वर्षांपूर्वीची दगडी अवजारे आणि प्राण्यांची हजारो हाडे तिथे एकत्र पडलेली होती. 1981 साली या हाडांवरील खुणा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या गेल्या. हेन्री बन यांनी आणि स्वतंत्रपणे रिचर्ड पॉट्स व पॅट शिपमन यांनी हे काम केले. दगडाच्या धारेने कापले की हाडावर अरुंद रेघ उमटते आणि तिच्या आत बारीक समांतर ओरखडे असतात. दाताने चावले की खाच रुंद आणि गुळगुळीत होते. ओल्डुवायच्या हाडांवर दोन्ही खुणा मिळाल्या. शिवाय नळीसाठी दगडाने फोडल्याच्या खुणाही मिळाल्या.

काही हाडांवर दाताच्या खुणेवर दगडाची रेघ होती. म्हणजे जनावर आधी खाऊन गेले आणि माणूस नंतर आला. काही हाडांवर याच्या उलट. मांस ओरबाडल्याच्या रेघा मांसल भागावर आहेत, म्हणून माणूस लवकर पोचत होता, असे काही अभ्यासक म्हणतात. सिंह-बिबटे पोटभर खाऊन गेल्यावर उरलेली नळी फोडण्यातच त्याचा मोठा वाटा होता, असे दुसरे म्हणतात. हा वाद अजून मिटलेला नाही. पण एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे : तो दगडाने कापत होता, फोडत होता आणि मिळेल ते खात होता. अन्न मिळवण्यात त्याचे डोके चालत होते.

स्वार्टक्रान्सला तर आणखी एक गंमत निघाली. तिथे टोकाला झिजून गुळगुळीत झालेले हाडांचे तुकडे मिळाले. ब्रेन यांना वाटले, ही कंदमुळे उकरायची अवजारे असावीत. 2001 मध्ये लुसिंडा बॅकवेल आणि फ्रान्चेस्को देरिको यांनी तशीच हाडे वापरून प्रयोग केले. झीज जुळली ती वाळवीची वारुळे उकरणाऱ्या हाडांशी! म्हणजे हाडांची अवजारे होती, एवढा डार्ट यांचा अंदाज अगदीच फुकट गेला नाही. पण स्वार्टक्रान्सचे हे हाड सोटा नव्हता, ते पोटासाठी वारूळ उकरायचे साधन होते.

त्याच गुहेच्या सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीच्या थरात 270 जळकी हाडे मिळाली. ब्रेन आणि अँड्र्यू सिलेन यांनी ताजी हाडे वेगवेगळ्या तापमानाला तापवून त्यांच्याशी तुलना केली आणि 1988 मध्ये निष्कर्ष मांडला, की ही हाडे शेकोटीइतक्या आगीत भाजली गेली आहेत. जुन्या थरांत अशी हाडे नाहीत. जो जीव बिबट्याच्या तोंडी जात होता, त्याच्याच गुहेत पुढे कोणीतरी विस्तव बाळगून बसू लागले. सुळे नाहीत, नख्या नाहीत. मग वाचायचे कसे? एकत्र राहून आणि अक्कल वापरून.

हाडांवरून रान कळते

प्राण्यांची हाडे फक्त जेवणाचे ताट दाखवत नाहीत, ती भोवतालचा परिसरही दाखवतात. कोणता प्राणी कुठे राहतो हे ठरलेले असते. काही हरणे उघड्या गवताळ माळावर चरतात, काहींना झाडी लागते, काही पाणथळ सोडत नाहीत. एलिझाबेथ व्हर्बा यांनी दक्षिण आफ्रिकेच्या गुहांतील हरणांची अशी वर्गवारी करून कोणत्या काळी गवताळ माळ वाढला, याचा अंदाज बांधला.

याहून बारीक साक्षीदार म्हणजे उंदीर आणि चिचुंद्र्या. गुहेतले घुबड रात्री त्यांना गिळते आणि न पचलेली हाडे-केस गोळी करून ओकते. त्या गोळ्यांतील इवलेसे जबडे लाखो वर्षे टिकतात. घुबड जवळपासच शिकार करते, म्हणून ते जबडे गुहेच्या आसपासच्या रानाची नोंदवही ठरतात. दातांची झीज पाहून मेलेला प्राणी कोकरू होता की म्हातारा, हेही कळते.

घरात मटण शिजत असेल तर मुलांना हे दाखवता येईल. नळीचे कोणते टोक घट्ट, कोणते भुसभुशीत. सुरीची रेघ कशी दिसते आणि कुत्र्याच्या दाताची खूण कशी. पुस्तकातल्या चार पानांपेक्षा ते जास्त लक्षात राहील.

यातून काय घ्यायचे?

ज्या काळात 'माणूस जन्मतः खुनी' हा सिद्धांत जगभर गाजत होता, त्याच काळात त्याच दक्षिण आफ्रिकेत 1950 च्या कायद्याने सरकार माणसांची जन्मावरून वर्गवारी करून नोंद ठेवत होते. डार्ट यांचा हेतू तसा होता असे मला म्हणायचे नाही. पण "हे त्याच्या जन्मातच आहे" हे वाक्य किती सोपे आणि किती धोकादायक आहे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? जन्मावरून स्वभाव, जन्मावरून लायकी, जन्मावरून काम ठरवणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या काय केले ते आपण भोगले आहे. एखाद्या जातीला जन्मजात गुन्हेगार म्हणणारे कायदे या देशातही होते आणि ते 1952 साली रद्द करावे लागले. तेव्हा असे वाक्य ऐकले, मग ते कोणत्याही पंडिताच्या तोंडचे असो, की पहिला प्रश्न विचारावा : पुरावा कुठे आहे? आणि दुसरा प्रश्न : तो पुरावा तपासला कोणी?

डार्ट यांच्याविषयी एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. ब्रेन यांनी त्यांचा सिद्धांत मोडून काढला, तरी म्हाताऱ्या डार्ट यांनी राग धरला नाही. आपण सत्याच्या जवळ जात आहोत, याचा त्यांना आनंदच झाला, असे ब्रेन पुढे सांगत असत. ब्रेन यांचे 2023 साली निधन झाले. एकमेकांचे म्हणणे खोडूनही एकमेकांचा मान राखणारे हे दोघे आपल्या सभा-मंडळांतील कार्यकर्त्यांनीही डोळ्यांपुढे ठेवावेत.

माणूस मारायला शिकला म्हणून माणूस झाला, हे हाडे सांगत नाहीत. ती सांगतात, की आपल्या कुळातले जीव बिबट्याला भीत होते, गरुडाच्या तोंडी जात होते, वारुळे उकरत होते, इतरांचे उरलेसुरले खाऊन जगत होते. आणि पुढे कोणीतरी शेकोटीभोवती येऊन बसले. हिंसा माणसाने केली आहे आणि आजही करतो, हे कोणी नाकारत नाही. पण तिचे खापर लाखो वर्षांपूर्वीच्या मुक्या हाडांवर फोडता येणार नाही. ती जबाबदारी जिवंत माणसांची आहे. आणि जे रक्तात नाही, ते बदलता येते.